पेशंटचे नातेवाईक कोण?

हार्ट अटॅक आलेल्या माणसाला निवड नसते. रिक्षावाला ज्या दारात नेऊन उभा करील ते हॉस्पिटल त्याचं. हर्नियाचं तसं नाही. जांघेत लिंबाएवढी गाठ येते, खोकलं की बाहेर, आडवं पडलं की आत. दुखते म्हणावं तर दुखत नाही, नाही म्हणावं तर संध्याकाळपर्यंत त्या बाजूला ओढ लागलेली असते. डॉक्टर म्हणतात, "घाई नाही, पण करून टाका." या 'पण'च्या अलीकडे माणूस महिनोन्महिने सुखाने राहू शकतो. मीही राहिलो.

घाई नाही हे डॉक्टरांनी माझं मन राखायला म्हटलेलं नव्हतं. २००६ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. फारसा त्रास नसलेले हर्नियाचे ७२० पुरुष घेतले, निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. वाट बघणाऱ्यांत आतडं अडकून धावपळ होण्याचं प्रमाण निघालं वर्षाला हजारी १.८. म्हणजे हजार माणसांनी वर्षभर हर्निया घेऊन हिंडावं, तरी अडचणीत सापडणारे दोघेही भरत नाहीत. हे वाचून मी आठवडाभर फार आनंदात होतो. मग त्याच मंडळींचा पुढचा हिशेब हाती लागला. दहा वर्षांनी पाहिलं, तर वाट बघणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांनी शेवटी टेबलावर जाऊन घेतलंच होतं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. तेव्हा ऑपरेशन टळत नाही, लांबतं. आणि जितकं लांबतं तितकी घरात चर्चा होते.

चर्चेत दोन पक्ष पडले. दादा सरकारी पक्षाचा. त्याचं अपेंडिक्स तरुणपणी मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात काढलं होतं आणि त्या गोष्टीचा त्याला जन्मभराचा अभिमान आहे. "एक पैसा लागला नाही. आणि डॉक्टर कोण, तर ज्यांना बाहेर दाखवायला लोक दोन-दोन महिने थांबायचे ते." यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि उशाशी सासूबाई होत्या, आठ दिवस. ते सांगा की." दादाने ते ऐकलं नाही. त्या वेळी मीही फारसं ऐकलं नाही.

बायको खासगी पक्षाची. म्हणून आम्ही आधी डोंबिवलीपासून फार लांब नसलेल्या एका मोठ्या, काचेच्या हॉस्पिटलात गेलो. सर्जन चांगले होते. त्यांनी नीट तपासलं आणि पाच मिनिटांत दोन पर्याय समजावले: जांघेत चीर देऊन जाळी बसवायची, नाहीतर दुर्बिणीतून. एका बाजूच्या, पहिल्यांदाच झालेल्या हर्नियाला दोन्ही चालतं. दुर्बिणीतून केलं की दुखणं कमी आणि माणूस कामाला लवकर लागतो, पण पूर्ण भूल लागते आणि खर्च वाढतो. "विचार करून सांगा," म्हणाले आणि आम्हाला शेजारच्या खोलीत धाडलं. खरी गाठ तिथे पडली.

शेजारच्या खोलीत एक हसतमुख मुलगी होती. तिच्यापुढे एक छापील कागद होता. डावीकडे ऑपरेशनची नावं, वर आडव्या ओळीत जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स. मी समजत होतो की खोली महाग तर खोलीचं भाडं महाग. तसं नव्हतं. खोली बदलली की सर्जनची फी बदलत होती, भूलतज्ज्ञाची बदलत होती, ऑपरेशन थिएटरचं भाडंसुद्धा बदलत होतं. टेबल तेच, सुरी तीच, माणूस तोच, पण मी उद्या कुठल्या खोलीत झोपणार यावर आज त्याच्या टाक्यांचा भाव. मी तिला विचारलं, "डीलक्सवाल्याला टाके जास्त घालतात का?" ती हसली. हा प्रश्न तिला पूर्वी कुणी विचारला असावा.

पॉलिसी होती. तिचा बारीक टाइप बायकोने घरी नेऊन भिंग लावून वाचला. खोलीभाड्याला मर्यादा होती. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फरक नुसता भाड्याचा भरायचा नसतो. त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी वगैरेही कापली जाते. म्हणजे डीलक्समध्ये टीव्ही बघत पडलेल्या माणसाच्या बिलाला तळापासून कात्री. हर्नियाला बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं दारच बंद असतं, ती आमची केव्हाच उलटली होती, तेवढं बरं.

त्या कागदावर 'जाळी' ही वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढे आकडा नव्हता, 'वापरल्याप्रमाणे' असं होतं. जाळी देशी, जाळी परदेशी, जाळी आणखी कसली तरी हलकी. या ओळीपाशी मी बराच अडलो, कारण जाळीची एक गोष्ट मला ठाऊक होती.

धुळे जिल्ह्यात दोंडाईचा म्हणून गाव आहे. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे सर्जन काम करत. हर्नियाला जाळी बसवली की तो पुन्हा उलटण्याची शक्यता कमी होते हे त्यांना माहीत होतं, आणि कंपनीची जाळी खानदेशातल्या शेतमजुराला परवडत नाही हेही. जाळी म्हणजे शेवटी काय, तर प्लास्टिकच्या धाग्याचं सच्छिद्र कापड. तसलंच कापड प्रत्येक बाजारात मीटरवर मिळतं, मच्छरदाणीचं. त्यांनी ते आणलं, धुतलं, कापलं, निर्जंतुक केलं आणि वापरलं. इतर ठिकाणच्या सर्जनांनाही वापरायला लावलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष सर्जनांच्या भारतीय नियतकालिकात छापले. तेव्हा काहींनी नाकं मुरडली असणार. मच्छरदाणी पोटात शिवायची म्हटल्यावर कुणीही मुरडील. ती कल्पना आफ्रिकेत गेली. युगांडात तीनशेवर पुरुषांवर रीतसर चाचणी झाली, अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. २०१६ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. एका जाळीची किंमत डॉलरच्या आसपास, दुसरीची शंभरावर. जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात खानदेशातल्या एका गावातलं डोकं पोचलं होतं, आणि आमच्या हसतमुख मुलीच्या कागदावर 'वापरल्याप्रमाणे' होतं.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा तर त्याही पुढे गेले. त्यांनी जाळीच नको म्हटलं. रोग्याच्याच पोटाच्या स्नायूच्या पडद्याची एक पट्टी अर्धवट सोडवून कमकुवत जागेवर शिवायची, असं त्यांचं तंत्र. २००१ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हर्नियासारख्या दुर्लक्षित दुखण्यावर महाराष्ट्राने दोन उत्तरं शोधली, दोन्ही स्वस्त. हॉस्पिटलच्या दर्शनी भागात लावायला स्वस्त उत्तराचा फोटो चांगला येत नाही, एवढंच.

दादाच्या समाधानासाठी, आणि खरं सांगायचं तर त्या कागदाच्या रागाने, मी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो. मुंबईच्या या हॉस्पिटलांचा इतिहास मोठा आहे. परळचं केईएम १९२६ चं. त्याला जोडलेल्या कॉलेजला सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या पैशाने नाव मिळालं, आणि देणगी देताना अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. सरकारी वैद्यकीय सेवेच्या वरच्या जागा गोऱ्यांच्या होत्या त्या काळातली ही अट. पुढे अनेक वर्षं शहरातले नामांकित सर्जन सकाळी अशा हॉस्पिटलांत मानद म्हणून काम करायचे आणि दुपारनंतर आपापल्या खोल्यांवर पैसे घ्यायचे. दादाचा डॉक्टर त्यातलाच. तेव्हा हात कुणाचा चांगला या वादात मला फारसा अर्थ वाटत नाही. काचेच्या हॉस्पिटलातल्या सर्जनचा हातही कुठल्यातरी सरकारी वॉर्डात, फुकट आलेल्या पोटांवरच बसलेला असतो.

केसपेपरची रांग, मग सर्जरीच्या ओपीडीची रांग. प्रत्येक युनिटचा वार ठरलेला. चुकीच्या वारी गेलात तर परत. आत पडद्यामागे एक रेसिडेंट डॉक्टर होती, माझ्या भाचीच्या वयाची, डोळ्यांत झोप. "काका, उभे राहा. खोका." मी खोकलो. तिने हात ठेवला, मान हलवली आणि बाहेर बघून हाक मारली, "या रे, इकडे या." सहा-सात विद्यार्थी आले आणि गोल करून उभे राहिले. "बघा, खोकल्याबरोबर हाताला धक्का लागतो की नाही? काका, परत खोका." काका परत खोकले. प्रत्येकाच्या हाताखाली काका एकदा खोकले. एका मुलाला धक्का कळेना, तर त्याच्यासाठी दोनदा. लाज वाटायला हवी होती, पण त्या मुलाचा चेहरा इतका गंभीर होता की मीच त्याला म्हणालो, "थोडं खाली, थोडं खाली." त्याला कळलं तेव्हा दोघांनाही आनंद झाला. काचेच्या हॉस्पिटलात मला इतक्या नीट कुणी तपासलं नव्हतं.

रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञाची फिटनेस असं सगळं लिहून मिळालं. ऑपरेशन कोण करणार विचारल्यावर लेक्चरर सरळ म्हणाले, "रेसिडेंट करील, मी शेजारी उभा असेन." मला ते उत्तर आवडलं. तारीख मात्र त्यांना सांगता येईना. "लिस्टवर नाव घालतो. पण रात्री ॲक्सिडेंटच्या केसेस आल्या की सकाळची लिस्ट पुढे जाते." बरोबरच होतं. ज्याचं पोट फाटलंय त्याच्यापुढे माझ्या लिंबाचं काय.

रांगेत माझ्यापुढे भिवंडीच्या गोदामात माल चढवणारा एक माणूस होता, गाव जालन्याकडचं. त्याचाही हर्नियाच, पण मुठीएवढा, आणि वर कमरेला पट्टा. ठेकेदाराकडे रोजावर. त्याच्या पेपरवरही माझ्यासारखंच घाई नसल्याचं लिहिलेलं होतं. पोती उचलणाऱ्याचा हर्निया सवडीचा कसा असेल? घाई आहे की नाही हे डॉक्टर आतड्यावरून ठरवतात, पोटावरून नाही. त्यांचाही इलाज नाही. त्याच्यासोबत धाकटा भाऊ होता. मी सहज विचारलं, तुम्ही काय करता? म्हणाला, "मी बी तिथंच. पण ह्याच्या पायी दोघांचा रोज बुडतो ना. आज दोघं, ॲडमिट केल्यावर दोघं." नुसती तारीख काढायला दोघं किती खेटे घालत होते ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याचं बोलणं डोक्यात ठेवूनच मी वॉर्ड बघायला जिना चढलो. वॉर्ड स्वच्छ होता, उंच छताचा, जुन्या पद्धतीचा. दारात उभा राहतो न राहतो तोच आतून आवाज आला, "बावीस नंबरचे नातेवाईक कोण?" एक मुलगा धावला. त्याच्या हातात रक्ताच्या नळ्या दिल्या, लॅब दुसऱ्या इमारतीत. मागोमाग, "अठराचे नातेवाईक? हे औषध बाहेरून आणा." मग, "सहाचे नातेवाईक, ट्रॉलीला हात लावा, मामा एकटे आहेत." मी जिन्याशी अर्धा तास उभा होतो आणि तेवढ्यात त्या हाकेचं कामकाज मला कळलं. सलाइन संपत आलं की सिस्टरला सांगणारा नातेवाईक. लघवीचं भांडं देणारा नातेवाईक. एक्स-रेची फिल्म एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेणारा नातेवाईक. रात्री अख्ख्या वॉर्डाला एखाददुसरी सिस्टर, तिच्याकडून हे होणं शक्य नाही आणि तिने ते करावं अशी अपेक्षाही कुणी ठेवत नाही. इथे डॉक्टर आहेत, औषधं बरीचशी आहेत, मशिनं आहेत. मधल्या सगळ्या फटी नातेवाइकाने बुजवायच्या. त्याला पगार नाही, खुर्ची नाही, रात्री झोपायला दोन बेडच्या मधली फरशी. आणि पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नाहीत.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत हॉस्पिटलात भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च दिला आहे: सरकारी ठिकाणी ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५. लोक हे दोन आकडे समोरासमोर ठेवतात आणि सात पटींचा फरक बघून थक्क होतात. पण हा औषधपाण्याचा खर्च. जालन्याच्या धाकट्या भावाचे बुडालेले रोज यात नाहीत. दादाच्या उशाशी आठ दिवस बसलेली आमची आईही त्याच्या 'एक पैसा लागला नाही'मध्ये नव्हती. खासगी हॉस्पिटल तुम्हाला काय विकतं, तर उशाजवळची एक घंटा, जी दाबल्यावर दुसरं कुणीतरी येतं.

योजनांचाही विचार झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डालाही लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे कागदोपत्री मीही त्यात. पण योजनेत काही शस्त्रक्रिया सरकारी हॉस्पिटलांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जाऊन यादी बघावी लागते. धर्मादाय हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बळ घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्या खाटा माझ्यासाठी नाहीत आणि नसाव्यातही.

मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. मी म्युनिसिपलच्या लिस्टवर चढलो तर भिवंडीवाल्यासारखा कुणीतरी एकाने खाली जातो. न चढावं, तर माझ्यासारखे सगळेच निघून गेल्यावर तिथे तक्रारीचा अर्ज लिहायला कोण उरणार? ज्या रांगेत नगरसेवकाचा मेहुणा उभा राहत नाही त्या रांगेवर पंखा लागत नाही. हे मी बायकोला जरा चढ्या आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला ऑपरेशन करायचंय की मोर्चा काढायचाय?" आणि मग तिने विचारलं, "रात्री कोण थांबणार?"

इथे सगळी चर्चा संपली. मुलगा ऑकलंडला. तिचे गुडघे असे की जिन्याच्या चार पायऱ्या म्हणजे तिच्यासाठी अर्धा दिवस. आणि पायऱ्या चढली तरी पुरुषांच्या वॉर्डात रात्री तिला जागा नाही. दादा सत्तरीपुढचा. भाचे आहेत, पण ते सकाळी सहाची लोकल पकडतात. इतके दिवस मी सर्जन, जाळी, पॉलिसी, इतिहास आणि समाजवाद यांची तुलना करत होतो आणि निर्णय एका रिकाम्या जागेने घेतला. सरकारी हॉस्पिटलात जायला पैसा लागत नाही हे खरं, पण माणूस लागतो. आणि आमच्यासारख्या घरांत आता पैसा थोडाफार आहे, माणूस नाही. मध्यमवर्गाने सरकारी हॉस्पिटल सोडलं ते घाणीला कंटाळून, असं आपण सांगतो. आया, आत्या, रिकामे काका आणि नोकरी नसलेले मामा घरांतून नाहीसे झाले, हे त्याचं तितकंच मोठं कारण असावं असा माझा संशय आहे.

काचेच्या हॉस्पिटलातही गेलो नाही. घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवर एका सर्जनचं जुनं नर्सिंग होम आहे, थोड्याशा खाटांचं. वरच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांची बायको भूलतज्ज्ञ. दोघं मुंबईच्या म्युनिसिपल कॉलेजातच शिकलेले. खोल्यांचे दोनच प्रकार आणि सर्जनच्या फीचा एकच. दरपत्रक भिंतीवर लावलेलं, शेजारी रुग्ण हक्कांची सनदही. हे दोन्ही दिसेल असं लावणं नियमानेच बंधनकारक आहे, तरी लावलेलं बघून बरं वाटलं. कॅशलेस नव्हतं, विम्याचे पैसे कागद जमवून मागून मिळवावे लागले. अशी नर्सिंग होम्स हल्ली एकेक करून मिटत चालली आहेत. पुढची पिढी काचेच्या इमारतीत पगारावर जाते. कमरेत भूल दिली, जाळी देशी बसवली, दुसऱ्या दिवशी घरी. रात्री एकदा घंटा दाबली, मावशी आल्या, पाणी दिलं आणि "एवढ्यासाठी?" असं तोंड करून गेल्या. डॉक्टरांना मी दोंडाईच्याच्या जाळीबद्दल विचारलं. "माहीत आहे की," म्हणाले, "पण उद्या काही झालं तर तुम्हीच म्हणाल, मच्छरदाणी घातली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढल्या पावसाळ्यात दादाच्या प्रोस्टेटने उचल खाल्ली. तेही सवडीचंच. त्याने चर्चा होऊच दिली नाही. त्याच म्युनिसिपल हॉस्पिटलात नाव घातलं, लिस्ट एकदा पुढे गेली, मग तारीख मिळाली. वहिनींनी मला पिशवी भरून दिली: जुनी चादर, पाण्याच्या दोन बाटल्या, मोबाइलचा चार्जर, आधारकार्डाच्या झेरॉक्स, सुटे पैसे, उदबत्तीचा पुडा. उदबत्ती कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, "डास असतात." ॲडमिशनच्या कागदावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'भाऊ' लिहिलं. सिस्टरनी कागद बघितला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रात्री तुम्हीच थांबणार ना?"

"हो."

"मग ती पिशवी बेडखाली नका ठेवू, मामा फरशी पुसायला येतायत. उदबत्ती इथं लावायची नाही. आणि हे सॅम्पल घ्या. लॅब पलीकडच्या इमारतीत, बाराच्या आत द्या, नाहीतर उद्यावर जाईल."

बाराला दहा मिनिटं होती.